वीस जणांची भेळ

भेळेला लागणारे जवळजवळ सगळे जिन्नस वाण्याकडे आणि फरसाणाच्या दुकानात तयार मिळतात. कुरमुरे, शेव, पुऱ्या, तळलेली चणाडाळ, खारे दाणे तर मिळतातच, आता चिंच-खजुराची चटणीही बाटलीत मिळते. घरात करायचे उरते ते बटाटे उकडणे, कांदा-टोमॅटो चिरणे आणि हिरवी चटणी वाटणे. त्यामुळे वाढदिवस, भिशी, हळदीकुंकू, कोजागिरी अशा पंधरा-वीस माणसे जमणाऱ्या प्रसंगी भेळेइतका कमी कष्टाचा पदार्थ क्वचितच सापडेल. तरीही घरची भेळ पुष्कळदा फसते आणि बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने फसते: बशी हातात येईपर्यंत कुरमुरे चिवट झालेले असतात. तिखट-गोड कमीजास्त झाले तर ते वाढताना सुधारता येते, सादळलेली भेळ मात्र सुधारत नाही. म्हणून भेळेच्या तयारीत चवीआधी पाण्याचा विचार करावा लागतो. पाणी हवेतून येते, भाज्यांतून सुटते आणि चटणीतूनही येते. या तिन्ही वाटा शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बंद ठेवायच्या, हेच यातले खरे काम आहे.

कुरमुऱ्यांना विदर्भात मुरमुरे आणि सांगली-कोल्हापूर-बेळगावकडे चुरमुरे म्हणतात. मिठाच्या पाण्यात मुरवलेला उकडा तांदूळ तापलेल्या वाळूत टाकला की दाण्यातल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दाणा फुलतो. फुललेला दाणा आतून जाळीदार असतो आणि त्यात पाण्याचा अंश अगदी थोडा उरलेला असतो. म्हणूनच तो इतका कुरकुरीत लागतो आणि हवेतला दमटपणा टिपकागदासारखा शोषून घेतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पुडा रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी त्याच कुरमुऱ्यांना आवाजच उरत नाही.

दुकानात पोत्यातले सुटे कुरमुरे घेताना एक दाणा चिमटीत दाबून पाहावा. चांगला दाणा कट् असा आवाज करून तुटतो आणि त्याची भुकटी होते. सादळलेला दाणा दबतो, चपटा होतो आणि बोट काढले की थोडा परत फुगतो. दुकानदाराला विचारण्यापेक्षा ही परीक्षा अधिक खात्रीची. घरी आणल्यावर कुरमुरे चाळणीतून चाळून घ्यावेत, कारण भट्टीतली बारीक वाळू तळाशी हमखास असते. ज्यांच्याकडे सूप आहे त्यांनी ते पाखडावेत. वीस बशा एकीकडे आणि दाताखाली आलेला एक खडा एकीकडे, अशी वेळ त्यामुळे टळते.

कुरमुरे कितीही ताजे वाटले तरी कार्यक्रमाच्या दिवशी एकदा भाजून घ्यावेत. पसरट कढई मंद आचेवर तापवून एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅमच कुरमुरे घालावेत आणि चार-पाच मिनिटे हलक्या हाताने हलवत राहावे. रंग बदलू द्यायचा नाही, रंग बदलला की जळकट वास येतो. गरम असताना कुरमुरे किंचित मऊच लागतात, त्यावरून ते भाजले गेले नाहीत असे समजून आच वाढवू नये. परातीत पसरून गार झाल्यावर कुरकुरीतपणा कळतो. ओव्हन असेल तर 120 अंश सेल्सिअसवर ताटात पसरून दहा मिनिटे ठेवले की सगळे कुरमुरे दोन खेपांत होतात. कडक उन्हात तास-दोन तास ठेवण्याची जुनी रीतही चालते, पण ऊन उतरायच्या आत ते डब्यात भरावे लागतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नये. आत अडकलेली वाफ पुन्हा कुरमुऱ्यांतच मुरते आणि केलेले सगळे काम वाया जाते. परदेशात भारतीय किराणा दुकानातला पुडा अनेक महिने जुना असू शकतो. तिथे तर हे भाजणे टाळूच नये. कुरमुरे मिळालेच नाहीत, तर बिनसाखरेचा, न्याहारीसाठी मिळणारा फुलवलेला तांदूळ चालतो, त्याला फक्त मीठ वेगळे लावावे लागते.

शेव बारीक घ्यावी. तिला नायलॉन शेव म्हणतात. जाडी शेव भेळेत मिसळत नाही, वेगळी चावावी लागते. पुऱ्या चपट्या, शेवपुरीच्या घ्याव्यात. पाणीपुरीच्या फुगलेल्या पुऱ्यांचा चुरा फार बारीक होतो आणि चटणीत लगेच विरतो. शेव आणि पुरी या दोन्हींत खवट तेलाचा वास येतो का, ते पाकीट उघडल्याबरोबर पाहावे. तळणाचा खवटपणा चटणीने झाकला जात नाही, उलट चिंचेच्या आंबटपणाने तो अधिक जाणवतो. फरसाण घालायचे की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. पुण्याकडच्या भेळेत गाठी, पापडी, खारी बुंदी असे मिश्र फरसाण भरपूर असते, मुंबईच्या चौपाटीच्या भेळेत शेव-पुरीवरच भर असतो. घरगुती कार्यक्रमाला मिश्र फरसाण सोयीचे, कारण एका पाकिटात चार पोत मिळतात. मात्र बेदाणे आणि साखर घातलेले गोडसर फरसाण घेऊ नये. चिंचेच्या चटणीत गूळ असतोच.

आता चटण्या. बाटलीतली चिंच-खजुराची चटणी वापरण्यात काही कमीपणा नाही. ती कशी आहे हे आधी चाखून पाहिले म्हणजे झाले. तयार चटण्या बहुधा गोड असतात आणि त्यात जिऱ्याचा वास कमी असतो. पाव लिटर चटणीत चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा काळे मीठ आणि चिमूटभर सुंठ घातली की ती घरच्यासारखी लागते. पातळ वाटली तर पाच-सात मिनिटे उकळून आटवावी.

घरी करायची असेल, तर वीस जणांना 100 ग्रॅम चिंच, 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर आणि 150 ग्रॅम गूळ पुरतो. चिंच निवडून, तिन्ही जिन्नस पाऊण लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावेत, गार झाल्यावर मिक्सरमधून काढून गाळणीतून गाळावेत. गाळायचा कंटाळा करू नये, चिंचेचे दोरे आणि खजुराची साले भेळेत फार त्रास देतात. गाळलेल्या चटणीत लाल तिखट, जिरेपूड, सुंठ, काळे मीठ घालून पुन्हा एक उकळी आणावी. भांडे स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात चिंच उकळू नये. ही चटणी फ्रीजमध्ये दोन आठवडे चांगली राहते, म्हणून ती कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधीच उरकून टाकता येते.

चटणीचा दाटपणा हा भेळेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. पळी चटणीत बुडवून उलटी धरावी आणि तिच्या पाठीवर बोटाने एक रेघ ओढावी. रेघ जागच्या जागी राहिली तर चटणी भेळेची. दोन्ही बाजूंनी चटणी वाहून रेघ बुजली तर ती दहीवड्याला ठीक, भेळेला पातळ. दाट चटणीतले पाणी गूळ आणि खजुराच्या गराने धरून ठेवलेले असते. ती कुरमुऱ्याला बाहेरून लिंपते आणि सावकाश आत शिरते. पातळ चटणी पडल्या पडल्या आत जाते. गाडीवरच्या भेळवाल्याच्या डब्यातली चटणी जवळून पाहिली, तर ती काकवीसारखी संथ पडताना दिसते.

हिरवी चटणी मात्र बाटलीतली घेऊ नये. कोथिंबिरीचा ताजा वास टिकवणारी तयार चटणी मिळत नाही आणि घरी वाटायला पाच मिनिटे पुरतात. कोथिंबिरीची मोठी जुडी कोवळ्या देठांसकट, तिच्या निम्मा पुदिना, सहा-सात हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, मीठ आणि दोन चमचे डाळे. पाण्याऐवजी बर्फाचे तीन-चार खडे घालून वाटावे. मिक्सरच्या पात्याच्या उष्णतेने पाने काळवंडतात, बर्फाने ती हिरवी राहतात. डाळ्यांमुळे चटणीला पाणी सुटत नाही. डाळे नसतील तर मूठभर शेव घालावी. लिंबू आदल्या दिवशी पिळू नये, ते वाढायच्या आधी पिळावे. आंबटाने कोथिंबिरीचा हिरवा रंग हळूहळू मातकट होत जातो. मुले असतील तर थोडी चटणी मिरचीशिवाय वाटून वेगळी ठेवावी. कच्ची पाने खायची असल्याने कोथिंबीर-पुदिना दोन-तीन पाण्यांतून नीट धुऊन घ्यावा, त्यात हयगय करू नये.

भाज्यांत बटाटा आदल्या रात्री सालासकट उकडून फ्रीजमध्ये ठेवावा. गार बटाट्याच्या फोडी सुरीने स्वच्छ कापल्या जातात, गरम बटाटा कुस्करतो. शिवाय गरम फोडींतून निघणारी वाफ कुरमुऱ्यांना सादळवते. फोडी हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठ्या असाव्यात. चिरून झाल्यावर त्यांना मीठ आणि चाट मसाला लावावा, कारण भेळेत फिक्का लागतो तो बटाटाच. कांद्याला मात्र मीठ लावू नये. मिठाने कांदा आणि टोमॅटो दोन्हींना पाणी सुटते आणि अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी रस जमतो. कांदा बारीक चिरून झाकून ठेवावा. टोमॅटो उभा चिरून त्यातला बियांचा गर काढून टाकावा आणि फक्त घट्ट भाग बारीक करावा. तो गर सार किंवा आमटीत घालता येतो. मार्च ते जूनमध्ये भेळ असेल, तर कैरीचे बारीक तुकडे हवेतच. कैरी असली की लिंबू कमी लागते आणि टोमॅटो नसला तरी चालतो.

प्रमाणाचा अंदाज घरोघरी चुकतो, कारण कुरमुरे डोळ्यांना पुष्कळ दिसतात आणि वजनाला काहीच भरत नाहीत. एका बशीला साधारण 25 ग्रॅम कुरमुरे लागतात. भेळ हाच मुख्य खाऊ असेल, तर वीस जणांना अर्धा किलो कुरमुरे, 300 ग्रॅम बारीक शेव, 250 ग्रॅम मिश्र फरसाण, पन्नास चपट्या पुऱ्या, 100 ग्रॅम तळलेली मसाला चणाडाळ आणि तेवढेच खारे दाणे आणावेत. बटाटे आणि कांदे प्रत्येकी अर्धा किलो, टोमॅटो 400 ग्रॅम, चिंचेची चटणी 600 मिलिलिटर, हिरवी चटणी साधारण त्याच्या निम्मी. लिंबे सहा, वरून पेरायला कोथिंबीर आणि जमले तर एका डाळिंबाचे दाणे. भेळेनंतर जेवण असेल, तर हे सगळे निम्म्यावर आणावे. काही राखून आणायचेच तर कुरमुरे आणि शेव जास्त आणावी, उरले तरी ते खराब होत नाहीत. चिरलेल्या भाज्या जास्त करण्यात काही अर्थ नाही.

कालवणे हे पाहुणे बसल्यावरच सुरू करावे. पाच बशांची एक खेप धरावी. वीस जणांची भेळ एकाच परातीत कालवली, तर शेवटच्या बशीपर्यंत लगदा होतो. मोठे, उभट पातेले घ्यावे आणि ते अर्ध्याच्या वर भरू नये. आधी कुरमुरे, चणाडाळ, दाणे, फरसाण आणि हाताने मोडलेल्या पुऱ्या घालाव्यात. पुरीचे तीन-चार तुकडेच करावेत, चुरा नको. मग बटाटा, कांदा, टोमॅटो. इथपर्यंतचे कोरडे-ओले मिश्रण एकदा खालून वर हलवावे, म्हणजे चटणी एका जागी न पडता सगळीकडे लागते. त्यानंतर हिरवी चटणी, मग चिंचेची. पाच बशांना दीडशे मिलिलिटर चिंचेची चटणी हे प्रमाण असले, तरी आधी दोन तृतीयांशच घालावी, हलवावे, चाखावे आणि मग उरलेली.

हलवायला चमचा वापरू नये. चमच्याने कुरमुरे दबतात आणि चटणीचे गोळे होतात. भेळवाला पातेले एका हाताने तिरके धरतो, दुसऱ्या हातातली लांब पळी कडेने खाली घालतो आणि मनगटाच्या झटक्याने तळचे सगळे वर आणतो. आठ-दहा झटक्यांत काम होते. पहिल्या दोन झटक्यांना कुरमुऱ्यांचा कोरडा सळसळ आवाज येतो, चटणी लागत गेली की आवाज जड होतो, आणि सगळ्या दाण्यांवर तांबूस लेप दिसू लागला की थांबायचे. पांढरा दाणा एखादा राहिला तर बिघडत नाही. तो शोधत बसणे म्हणजे भेळ मऊ करणे. मीठ शेवटी, आणि तेही चाखूनच. कुरमुरे, शेव, फरसाण, दाणे या सगळ्यांत मीठ असतेच, बहुतेकदा वेगळे लागतच नाही. लगेच बशीत काढून वर शेव, कोथिंबीर, डाळिंब पेरावे, लिंबाची फोड पिळावी आणि एक अख्खी पुरी खोचावी. चमच्याऐवजी त्या पुरीने खाल्लेली भेळ जास्त गोड लागते, असे अनेकांचे मत आहे आणि ते मानण्यासारखे आहे. बशी हातात दिल्यापासून पाच मिनिटांत भेळ संपली पाहिजे, असे पाहुण्यांना मोकळेपणाने सांगावे.

माणसे जास्त आणि यजमान एकटा असेल, तर पाहुण्यांनी आपापली भेळ कालवायची व्यवस्था अधिक सोपी पडते. टेबलावर आधी कोरड्या जिन्नसांचे डबे, मग चिरलेल्या भाज्यांचे वाडगे, मग चटण्या आणि शेवटी शेव-कोथिंबीर, अशी भेळेच्या क्रमानेच मांडणी करावी. म्हणजे कोणाला काही सांगावे लागत नाही. बशीऐवजी खोल वाटी किंवा मोठा द्रोण द्यावा, पसरट बशीत कालवताना निम्मी भेळ टेबलावर सांडते. कुरमुऱ्यांचा मोठा डबा झाकणासकट ठेवावा आणि त्यातून एका भांड्यात थोडे थोडे काढत राहावे. या पद्धतीत जैन पाहुण्यांचीही आपोआप सोय होते. ते कांदा-बटाटा वगळून टोमॅटो, कैरी, डाळिंब आणि उकडलेले कच्चे केळे घेऊ शकतात; फक्त त्यांच्यासाठीची हिरवी चटणी आल्याशिवाय वाटलेली हवी आणि फरसाणात लसूण नाही हे पाकिटावर वाचून घ्यावे. शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेले कोणी येणार असेल, तर दाणे बाजूला ठेवून भागत नाही, कारण फरसाणातही ते असतात. अशा वेळी दाणे नसलेले फरसाणच आणावे. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाट्याच्या भेळेत अख्खे दाणे आणि चणाडाळ घालू नये, ते घशात अडकू शकतात.

गाडीवरची आठवण म्हणून वर्तमानपत्राच्या पुड्यात भेळ देण्याची हौस अनेकांना असते. ती टाळावी. छपाईच्या शाईतले घटक ओल्या, आंबट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्येही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू आणि वाढू नयेत, असे आवाहन केले होते. पुडाच हवा असेल तर कोऱ्या कागदाचा किंवा बटर पेपरचा करावा. पानांचे द्रोण तर याहून छान दिसतात.

कामाची वाटणी अशी ठेवली की कार्यक्रमाच्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काम उरत नाही. तीन दिवस आधी चिंचेची चटणी आणि कोरड्या सामानाची खरेदी. आदल्या रात्री बटाटे उकडणे, कोथिंबीर निवडून धुणे, हिरवी चटणी वाटून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवणे. त्या दिवशी दुपारी कुरमुरे भाजणे. पाहुणे येण्याच्या तासभर आधी बटाटे, कांदा, टोमॅटो चिरणे. चिरलेला बटाटा उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये. कार्यक्रम लांबला तर तो फ्रीजमध्ये ठेवून खेपेपुरता बाहेर काढावा. पाकिटे मात्र शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नयेत, विशेषतः शेवेचे.

काही बिघडलेच तर बऱ्याच गोष्टी सावरता येतात. भेळ फार आंबट झाली तर बटाटा आणि शेव वाढवावी, फार तिखट झाली तर चिंचेची चटणी, फार गोड झाली तर लिंबू आणि काळे मीठ. कालवलेली भेळ ओलसर झाली तर तिच्यात कोरडे कुरमुरे ओतण्याचा मोह होतो, पण त्याने चव पातळ होते आणि ओलेपणा तसाच राहतो. त्याऐवजी मोडलेल्या पुऱ्या आणि शेव घालावी, त्या तेलकट असल्याने मिनिटभर तरी तग धरतात. अगदीच लगदा झाला तर त्यावर घट्ट, किंचित गोड दही आणि शेव घालून दही-भेळ म्हणून द्यावी. तिला मऊपणा शोभतो.

कार्यक्रम बागेत असेल, प्रवासात असेल किंवा माणसे तासाभराच्या अंतराने येणार असतील, तर ओल्या भेळेचा आग्रह सोडून सुकी भेळ करावी. त्यात चिंचेच्या चटणीऐवजी कोरडी चटणी लागते: डाळे, सुके खोबरे, कढीपत्ता, लाल तिखट, आमचूर, साखर, मीठ असे मिक्सरमधून जाडसर काढायचे. कुरमुरे, फरसाण, दाणे आणि ही चटणी आधीच एकत्र करून डब्यात भरून ठेवता येते. कांदा, कैरी, कोथिंबीर आणि लिंबू आयत्या वेळी. सांगली-जयसिंगपूरकडचे भडंग तर त्याहून टिकाऊ. तेलात ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि दाणे खमंग तळून, आच बंद करून त्यात हळद-तिखट घालायचे आणि टपोरे चुरमुरे, मीठ व पिठीसाखर टाकून परतायचे. तेल चुरमुऱ्यांवर बसल्याने हवा लवकर लागत नाही आणि घट्ट डब्यात ते आठवडाभर कुरकुरीत राहतात. वाढताना वरून बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू.

ओली भेळ उरली तर ती ठेवता येत नाही, पण सुटे जिन्नस सगळे उपयोगी पडतात. भाजलेले कुरमुरे आणि शेव हवाबंद डब्यात पुढच्या खेपेला, हिरवी चटणी तीन-चार दिवसांत सँडविचला. चिंचेची चटणी बर्फाच्या साच्यात गोठवून खडे पिशवीत भरून ठेवले, तर पुढे दोन-तीन महिने हव्या तेवढ्या बशांपुरते खडे काढता येतात. फक्त ते वितळल्यावर वर आलेले पाणी एक उकळी देऊन आटवून घ्यावे आणि पळीवरच्या रेघेची परीक्षा पुन्हा करावी.